बातमीतला कोयता आणि फडातला कोयता

दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या परिसरांत पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे चार-पाच महिने येथे राहतात आणि हंगाम सरला की परततात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभी राहिलेली येथील समृद्धी ज्या हातांनी तोडून गव्हाणीपर्यंत पोहोचविली, त्या हातांचे वृत्तपत्रांतील चित्र मात्र आजही ठरावीक साच्यांतले आहे.

पहिला साचा नयनरम्य आहे. मोळी डोक्यावर घेतलेली स्त्री, झोळीत निजलेले मूल, धुक्यातून निघालेली गाडी; हंगामाच्या आरंभी असे छायाचित्र एकदा छापले, की कर्तव्य संपते. दुसरा साचा संशयाचा आहे. ‘उचल घेऊन टोळी पसार’ हा मथळा वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. तिसरा साचा करुणेचा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाली होती. आकडा भयंकर होता आणि तो उजेडात आणणाऱ्या पत्रकारांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि, पुढे ऊसतोड स्त्री म्हणजे केवळ ती शस्त्रक्रिया, असेच समीकरण रूढ झाले.

शब्दांचीही अशीच गत होते. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. तोच मजुरी मोजण्याचा एकक. जोडीतील एकाने खाडा केला तरी कोयता बंद पडतो. २०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हा शब्दप्रयोग इतका बोकाळला, की शहरी वाचकाच्या मनात कोयत्याचा अर्थ दहशत एवढाच उरला. श्रमाचे हत्यार गुन्ह्याचे चिन्ह बनले आणि ते बाळगणाऱ्या परक्या माणसाकडे पाहण्याची दृष्टीही त्याबरोबर गढूळ झाली.

या सर्व चित्रांत एक गोष्ट समान आहे. त्यांत मजुरीचा हिशेब कोठेही नसतो. उसाला केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर भाव दरवर्षी पहिल्या पानावर येतो. तोडणीचा दर आतल्या पानावरही क्वचितच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एका जोडीने दिवसभरात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, वाहनात भरला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. त्यातून हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटायची असते. हंगाम लवकर आटोपला, कोणी आजारी पडले वा पावसाने फड चिखलात गेला, की उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. ‘पसार’ झालेल्या टोळीच्या बातमीमागे पुष्कळदा हे गणित असते.

शेतकऱ्याचीही बाजू आहे. तोडीसाठी वरकड पैसे मागितले जातात, ही या भागातील तक्रार खोटी नाही. मुकादमाने फसविल्यामुळे कर्जबाजारी झालेले वाहतूकदारही आहेत. परंतु हा दोष व्यवहाराच्या रचनेचा आहे. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी वा मुकादमाशी. मजुराचे नाव हजेरीपटावर येतच नाही. ज्याचा लेखी करार नाही, त्याला न्यायालयही दूर आणि विमाही दूर. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडल्यावरच त्यांच्या संख्येचा विचार शासनाला करावा लागला.

अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकन शेतमजूर तेथे करारावर नेले जात. स्वस्त, सोशिक हात किंवा बेकायदा घुसखोर, याच दोन रूपांत ते तेथील वाचकाला भेटत. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला आणि सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षांवर बहिष्काराची हाक दिली गेली, तेव्हा शहरातील गृहिणी ‘ही द्राक्षे कोणी तोडली आणि त्याला काय मिळाले’ असे विचारू लागली. १९७० मध्ये मळेवाल्यांना करार करावे लागले. मजुराला गुन्हेगार किंवा दीन न मानता व्यवहारातील एक पक्ष मानले गेले, हा त्यातील खरा बदल होता.

साच्याप्रमाणे उपाय ठरतो, हेच या प्रश्नाचे मर्म आहे. संशयाच्या चित्रातून पोलीस बंदोबस्त निघतो, करुणेच्या चित्रातून ब्लँकेटवाटप निघते आणि नयनरम्य चित्रातून काहीच निघत नाही. हिशेबाचे चित्र पुढे आले, तरच प्रत्येक मजुराची नोंदणी, कारखाना पक्षकार असलेला लेखी करार, उचलीची पावती आणि कोपीवरील मुलांची जवळच्या शाळेत हजेरी या मागण्यांना बळ मिळेल. बारामती-इंदापूरची मुलेही नोकरीसाठी मुंबईला आणि परदेशी जातात. तेथे त्यांना ज्या न्यायाने मोजले जावे असे वाटते, त्याच न्यायाने फडातल्या पाहुण्याला मोजणे, हे या सधन तालुक्यांचे किमान कर्तव्य होय.