क्रोम, फायरफॉक्स आणि दुसऱ्याचा मोबाइल नंबर

‘कोणता ब्राउझर चांगला?’ हा प्रश्न आम्हाला शाळेत, लग्नात आणि परवा तर दूधबाजारात भाजी घेतानाही विचारला गेला. उत्तर आम्ही टाळत होतो, कारण आमचे उत्तर दर दोन वर्षांनी बदलते. पण आमच्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत जे घडले, त्यानंतर या विषयावर लिहिणे भाग पडले.

मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. वडील रिक्षा चालवतात. एका संस्थेची शिष्यवृत्ती होती. अर्ज ऑनलाइन, मग मुलाखत. घरात संगणक नाही, म्हणून ती अम्मीबरोबर मोहल्ल्यातल्या एका सायबर कॅफेत गेली. गर्दी होती. चालकाने नावाच्या रकान्यात बोट ठेवले, ब्राउझरने खाली एक जुनी यादी दाखवली, त्याने त्यातली एक ओळ निवडली आणि पत्ता, पिनकोड, मोबाइल, ईमेल असा सगळा अर्ज क्षणात भरला. तो कुणा दुसऱ्याचा होता. चालकाने नाव बदलले, घर क्रमांक बदलला, पिनकोड तोच होता म्हणून राहू दिला. मोबाइल नंबरकडे तिघांपैकी कुणीच पाहिले नाही. मुलाखतीचा निरोप त्या परक्या नंबरवर गेला. आमच्याकडे ती माउली आली तेव्हा मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते. ‘सर, हमने तो सब बराबर भरा था,’ एवढेच ती म्हणत होती. पावतीचा कागद तिच्या हातात होता आणि त्यावर तो चुकीचा नंबर स्पष्ट छापलेला होता.

चूक कुणाची, हा वाद आम्ही घालणार नाही. दिवसाला शंभर अर्ज भरणारा माणूस घाई करणारच. पण ब्राउझर म्हणजे नुसती काच नाही, ती गोष्टी लक्षात ठेवते, हे त्या दिवशी आम्हाला नीट कळले. आधी माहीत नव्हते असे नाही, पण माहीत असणे आणि कळणे यात फरक आहे.

आता तुलना. नावे ढीगभर दिसतात. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट. पण या सगळ्यांच्या पोटात एकच यंत्र आहे, क्रोमियम. मायक्रोसॉफ्टनेही २०२० च्या जानेवारीत आपले जुने यंत्र सोडून एजमध्ये हेच बसवले. वेगळी यंत्रे मुख्यतः दोन उरली: अ‍ॅपलच्या सफारीचे आणि फायरफॉक्सचे. म्हणजे दुकाने दहा, पीठ मात्र एकाच गिरणीचे.

आम्ही शाळेच्या जुन्या संगणकावर, ज्यात ४ जीबी रॅम आहे, क्रोम, एज आणि फायरफॉक्स आठवडाभर आलटून पालटून वापरले. वेगात आम्हाला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. दहा टॅब उघडले की तिघेही धापा टाकतात. एजमध्ये निजलेले टॅब आपोआप बाजूला टाकण्याची सोय आहे, तिचा थोडा उपयोग झाला. फोनवर मात्र फायरफॉक्स आम्हाला उजवा वाटला, कारण अँड्रॉइडवरही त्यात जाहिराती अडवणारी जोडणी बसवता येते. संगणकावरच्या क्रोमने ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही लोकप्रिय जोडणी नव्या नियमांखाली बंद पाडली. फायरफॉक्सने ती चालू ठेवली. घरात मुलांच्या हातात फोन जात असेल तर ही छोटी बाब नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्यांसाठी खरी परीक्षा अक्षरांची असते. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर वाचली त्यांना आठवत असेल, अनेक पत्रांचे स्वतःचे फाँट असायचे आणि ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसायचे. फायरफॉक्समध्ये उघडले की इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती सरळ करण्यासाठी ‘पद्मा’ नावाची जोडणी लोक बसवत. उर्दू पत्रांनी तर तो नादच सोडला होता. इनपेजमध्ये पान तयार करायचे आणि त्याचे चित्र टाकायचे. दिसायला सुंदर नस्तालीक, पण त्यात एक शब्द शोधता येईल तर शपथ. युनिकोडने हे दिवस संपवले, आणि आज क्रोम असो की फायरफॉक्स, आमची अक्षरे जोडण्याचे काम पडद्यामागे हार्फबझ नावाची एकच प्रणाली करते. हे नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे उघडा. तिचा प्रमुख कर्ता बेहदाद एस्फाहबोद मूळचा इराणचा. सातवीच्या वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा मुलांनी फळ्यावर तो शब्द उर्दूत लिहून दाखवला. तरीही अँड्रॉइड फोनवर उर्दू बहुतेक वेळा नस्खमध्ये दिसते, नस्तालीकमध्ये नाही, ही आमची तक्रार कायम आहे. त्यात दोष फोनमधल्या फाँटचा, ब्राउझरचा नव्हे.

बातम्यांत या विषयावर बरेच चालले आहे. अमेरिकेत गूगलवरील खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली. हे गृहस्थ गुजरातमधल्या पाटणला जन्मले. सरकारची मागणी होती की क्रोम विकायला लावा. २ सप्टेंबर २०२५ च्या निकालात त्यांनी ती नाकारली. त्याच निकालात गूगलला इतर ब्राउझरांना पैसे देण्याची मुभाही राहिली, आणि गंमत अशी की त्यामुळे फायरफॉक्सने सुटकेचा श्वास सोडला. कारण त्याचा चरितार्थ मुख्यतः गूगलच्याच पैशावर चालतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा घेतली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला आणि झोहो कंपनीच्या ‘उला’ला एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. उला हा तमिळ शब्द, फेरफटका या अर्थाचा. त्यात मुलांसाठी वेगळी पद्धत आहे, ती आम्हाला आवडली. यंत्र मात्र तेच, क्रोमियम. स्वदेशी म्हणताना एवढे ध्यानात असू द्यावे.

आणि नवीन लाट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ब्राउझरांची. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांना फुकट झाला, त्याच महिन्यात ओपनएआयचा अ‍ॅटलस आला. यांना सांगितले की ते स्वतः पान वाचतात, बटणे दाबतात, अर्ज भरतात. ऐकायला छान. पण ब्रेव्हच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवून दिले की पानावर लपवून लिहिलेला मजकूर असा मदतनीस मालकाचाच हुकूम समजून पाळू शकतो. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने लिहिलेले तुम्हा-आम्हाला दिसत नाही, त्याला दिसते. मोबाइल नंबराचा एक रकाना भरणाऱ्या साध्या सोयीने एका मुलीचे वर्ष अडचणीत आणले. बँकेचे पान उघडे असताना ही सोय आम्ही तरी सध्या वापरणार नाही.

म्हणून आमचे उत्तर असे. घरी स्वतःच्या संगणकावर क्रोम, एज, फायरफॉक्स, काहीही वापरा, फक्त ते अद्ययावत ठेवा. विंडोज ७ चा संगणक अजून जपून ठेवला असेल तर त्यावर बँकेचे काम करू नका. क्रोमने त्याला २०२३ च्या सुरुवातीलाच रामराम ठोकला. कॅफेत जाल तेव्हा चालकाला ‘अतिथी’ खिडकी उघडायला सांगा. पुष्कळांना वाटते की ‘गुप्त’ खिडकी पुरते. नाही पुरत. गुप्त खिडकी नवीन माहिती साठवत नाही, पण त्या संगणकात आधी साठवलेले नाव-पत्ते तीही पुढे करते. अतिथी खिडकीत आधीचे काहीच नसते. आणि पासवर्ड साठवू का असे विचारले तर ‘कधीच नको’वर बोट ठेवा.

त्या मुलीसाठी संस्थेला आम्ही पत्र लिहिले, पावतीची प्रत जोडली. उत्तर आले की यंदाची यादी पूर्ण झाली आहे, पुढच्या वर्षी अर्ज करावा. अकरावीची फी नातेवाइकांनी वर्गणी काढून भरली. आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही प्रयोगशाळेतले दोन संगणक अर्जांसाठी खुले ठेवतो. ती मुलगी तिथे लहान वर्गांतल्या मुलांचे अर्ज भरायला येते. मोबाइल नंबर आला की ती भरणाऱ्याच्या आईला तो एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवते, दोनदा.