भिंतीची डागडुजी : सिमेंट जास्त म्हणजे भिंत पक्की, हे खरे नव्हे

आपल्या बेळगाव-खानापूर भागात मृग लागायच्या आत कौले परतायची, गोठा शाकारायचा, ही रीत अजून टिकून आहे. भिंतींकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. उंबऱ्याजवळची सुटलेली वीट, मोरीमागची भेग, चुलीपलीकडचे निखळलेले सांधे, सगळे ‘गवंडी आला की बघू’ म्हणून राहून जाते. आणि गवंडी तेवढ्यासाठी येत नाही. त्यालाही दिवसाचा रोज भरून निघायला हवा, त्यात त्याचा दोष नाही. मग भेगेत विंचू शिरतो, धान्याच्या कणगीपर्यंत उंदीर वाट काढतो, आणि भिंतीत मुरलेली ओल लहान मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या छातीवर बसते. 2019 च्या ऑगस्टमधील पावसाने आपल्या जिल्ह्यात किती भिंती बसवल्या, हे कोणाला सांगायला नको.

आमचे मत असे की, दहा-वीस विटांचे काम घरच्या माणसाने स्वतः करावे. जो शेतकरी बांध घालतो, त्याला थापी धरता येणार नाही असे नाही. अडते ते माल कालवण्यात. आणि तेथेही चूक बहुधा एकच असते : सिमेंट सढळ हाताने घातले की भिंत मजबूत होते, ही समजूत.

विटांच्या बांधकामाला 1 भाग सिमेंट आणि 6 भाग वाळू पुरे. अर्ध्या विटेची पातळ भिंत असेल तर 1 ला 4. याहून सिमेंट वाढवले तर माल सुकताना आकसतो, बारीक चिरा पडतात आणि त्याच चिरांतून पाणी आत जाते. पैसा गेला तो गेलाच. माप घमेल्याने अंदाजे घेऊ नये, एकच डबा घ्यावा व तो काठोकाठ सपाट करावा. 5 लिटरच्या डब्यात सुमारे 7 किलो सिमेंट मावते. त्याला 6 डबे वाळू घातली तर 40-50 विटांपुरता माल होतो. वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, तेव्हा 6 ऐवजी 7 डबे धरावेत. वाळू ओढ्याची असो की खडीची दळलेली, तिच्यात माती किती आहे ते आधी पाहावे. काचेच्या पेल्यात अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवून तीन तास ठेवावे. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. सिमेंटचे पोतेही जुने नको. कोपऱ्यात तीन महिने पडलेल्या पोत्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरलेली असते, आणि गुठळ्या झालेले तर फेकावेच.

पण आमचे खरे म्हणणे जुन्या घरांविषयी आहे. आजोबांच्या काळचे घर बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेले असते. खिळ्याने सांधा खरवडून पाहा. पांढरट पूड पडली तर चुना, तांबडी माती सुटली तर माती. अशा भिंतीत निव्वळ सिमेंटचा कडक माल भरला की भिंतीची ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती ओल मग विटेतून बाहेर पडू पाहते आणि दोन-चार पावसाळ्यांत सांधा शाबूत राहून विटेचाच पापुद्रा सुटू लागतो. डागडुजी टिकली, भिंत गेली! चुन्याच्या भिंतीला 1 भाग सिमेंट, 2 भाग विरवलेला चुना व 9 भाग वाळू असा नरम माल चांगला. मातीच्या भिंतीला मातीच : पेंढा बारीक चिरून कालवावा आणि एक-दोन दिवस मुरू द्यावा. चुन्याची महती पाहायला आपल्याला दूर जायला नको. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला गेला. तेव्हापासून तिचा उघडा जांभा पावसाच्या माऱ्याने झिजतो आहे. ज्याला अंगरखा म्हणून चुना दिला होता, तो दगड उघडा पडला.

काम करताना जुना सुटा माल बोटाच्या पेराएवढा खोल खरवडावा, कुंच्याने धूळ काढावी व सांधा पाण्याने भिजवावा. नवी वीट पाण्यात बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते. सिमेंट-वाळू आधी कोरडीच सारख्या रंगाची होईपर्यंत मिसळावी, मग थोडे थोडे पाणी. माल थापीवर उभा राहावा, ओघळू नये. अर्ध्या-पाऊण तासात संपेल इतकाच कालवावा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरणे ही काटकसर नव्हे. नंतर सात ते दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे, उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट लावावे. भेग मात्र आरपार असेल किंवा महिन्या-दोन महिन्यांत रुंदावत असेल, तर पाया हलला असे समजावे व जाणकाराला बोलवावे.

आणि हात सांभाळा. ओले सिमेंट कातडी भाजते. पुष्कळांना त्याने खरूज म्हणावी तसा पुरळ उठतो व तो वर्षानुवर्षे जात नाही. रबरी हातमोजे घालावेत, मालात गुडघे टेकू नयेत, मुलांना ढिगात खेळू देऊ नये. कळीचा चुना घरी विरवायचा असेल तर चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, तो उसळून अंगावर येतो. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेले तर चोळू नये, तूप-दूध काही घालू नये. स्वच्छ पाण्याची धार 15-20 मिनिटे सोडावी आणि लगेच दवाखान्यात न्यावे.