जिंकला खरा, पण कसोटी लागली का?

बुद्धिबळात दैवाला थारा नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फासे नाहीत, पत्ते नाहीत. जो हुशार तो जिंकणार! याच विश्वासाने काही वर्षांपूर्वी मी घरच्या संगणकावर दोन बुद्धिबळ प्रोग्रॅम रात्रभर एकमेकांशी झुंजवले. बरोबरीचे सोडून २० डाव निकाली झाले. निकाल १२ विरुद्ध ८. सकाळी मी विजेता जाहीर करून मोकळा झालो. गणित शिकवणारे एक स्नेही हसून म्हणाले, "नाणे २० वेळा उडवा. दर चार खेपांतून सरासरी एकदा १२ किंवा त्याहून जास्त छापे पडतील. म्हणून काय छापा काट्यापेक्षा हुशार?"

माझी फजिती घरातच राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र साऱ्या जगाने अशीच घाई केली. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या 'अल्फाझीरो'ने 'स्टॉकफिश' या बलाढ्य प्रोग्रॅमशी १०० डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. हे नुसते नशीब नव्हते, हे उघड आहे. पण सामना बरोबरीच्या अटींवर झाला होता का?

स्टॉकफिशची आवृत्ती वर्षभर जुनी होती. त्याला ६४ धागे दिले, पण आधीचे विश्लेषण साठवायला स्मृती अवघी १ गिगाबाइट. प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट. त्यामुळे अवघड जागी जास्त वेळ घेण्याचे त्याचे कसब वाया गेले. सुरुवातीच्या खेळ्यांचे पुस्तकही नव्हते. अल्फाझीरो धावत होता गूगलच्या खास चिपांवर. आणि १०० पैकी केवळ १० डाव प्रसिद्ध झाले. अटी, यंत्रे आणि पंच सारे एकाच घरचे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपण यालाच 'ज्याची बॅट त्याची बॅटिंग' म्हणतो!

टीका झाली, आणि तिचा उपयोगही झाला. डिसेंबर २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात नवा सामना आला. १,००० डाव, प्रत्येकी ३ तास आणि दर खेळीला १५ सेकंदांची भर, स्टॉकफिशला ३२ गिगाबाइट स्मृती. वेगवेगळ्या सुरुवातींपासूनही डाव खेळवले गेले. अल्फाझीरोने १५५ डाव जिंकले, ६ गमावले, ८३९ बरोबरीत सुटले.

कोणी म्हणेल, "मग टीकाकारच चुकले ना? निकाल तर तोच लागला!" मला हे मुळीच पटत नाही. उत्तर बरोबर आले म्हणून रीत न दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण देत नाही. शिवाय आधी शून्य असलेले पराभव आता ६ झाले, हेही कडक कसोटीनेच दाखवले. खुद्द स्टॉकफिशची मंडळी २०१३ पासून आपल्या प्रोग्रॅममधला लहानसा बदलही हजारो डावांत पारखतात; प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी खेळवतात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. बहुतेक बदल या चाळणीतून खाली गळतात, आणि त्याचे कुणाला वैषम्य वाटत नाही.

आज रोज कोणते ना कोणते यंत्र माणसापेक्षा, नाही तर दुसऱ्या यंत्रापेक्षा सरस ठरल्याची बातमी येते. अशा वेळी टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारावे: डाव किती झाले, अटी कोणी ठरवल्या, आणि उरलेले डाव कुठे आहेत? खऱ्या विजेत्याला या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही.