फवारणीची विषबाधा : बाटली दवाखान्यात न्या

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. चर्चा झाली ती मास्क, हातमोजे न घालण्याची. म्हणजे दोष परत मजुराच्याच माथी! दवाखान्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न वेगळा दिसतो. अंगात कोणतं विष गेलंय, हे डॉक्टरला कळणार कसं?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली 'औषधं' (विषालाच आपण औषध म्हणतो). ती शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, स्नायू फडफडतात, छाती स्रावाने भरते, श्वास अडकतो. यावर अॅट्रोपीन हे जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे. छाती मोकळी होईपर्यंत डोस वाढवत द्यावं लागतं. पण त्याच हंगामात फवारलेलं डायफेन्थियुरॉन या गटातलं नाही. त्यावर ठराविक उतारा नाही, लक्षणं बघूनच इलाज. त्यात शेतात दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळतात. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं तर अंदाज येतो, पण यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात तेव्हा ही तपासणीच होत नव्हती. सरकारच्याच चौकशी पथकाने हे नोंदवलं.

2013 मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून 23 मुलं गेली, ती मोनोक्रोटोफॉसनेच. शिक्षकाला ही बातमी विसरता येत नाही. केंद्राचा बंदीचा आदेश आला 2023 मध्ये, तोही उरलेला साठा विकायला मुदत देऊन. बाकीची जहाल औषधं दुकानात आहेतच.

म्हणून घरच्यांनी एवढं करावं. पेशंटचे कपडे लगेच काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, दूध पाजू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. लेबलवर औषधाचं नाव आणि उतारा छापलेला असतो. मजुराने बहुतेकदा बाटली पाहिलेलीच नसते, औषध मालक कालवून देतो. तेव्हा मालकाला फोन करून नाव विचारा, लाजू नका.

आणि बरं वाटतंय म्हणून दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागू नका. ऑर्गेनोफॉस्फेटमध्ये एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, आणि तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो.