पाऊण कोटीचे दणके

महागड्या गाडीत पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही, असं कुणी सांगायला लागलं की मी त्याला एवढंच विचारतो, बाबा, तू कुठल्या रस्त्यानं गेलास? आणि तुझ्या पाठीला टाके किती होते?

माझ्या कारभारणीच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. सहाव्या दिवशी घरी सोडलं. पुतण्या म्हणाला, "नाना, भाड्याची गाडी कशाला? माझी हाय की. काकीला झोप लागंल." गाडी परदेशी, पाऊण कोटीची. खोटं कशाला बोलू, तिच्याकडं बघून मलाही बरं वाटलं.

पहिली अडचण दारातच आली. गाडी इतकी बसकी की आत जायचं म्हणजे आधी कमरेत वाकायचं, मग घसरत खाली जायचं. डॉक्टरांनी तर वाकूच नका म्हणून बजावलेलं. दोघांनी धरून तिला पुढच्या सीटवर ठेवली. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर. जुन्या अँबेसिडरमध्ये माणूस खुर्चीवर बसावं तसा बसायचा, डोक्याला फेटा असला तरी छताला लागत नव्हता.

हायवेला गाडी चांगली चालली, हे कबूल. खंबाटकी घाट कधी गेला कळलं नाही, बाहेरचा आवाज आत नाही. पोरानं कौतुकानं एक बटण दाबलं, तर सीट पाठ रगडायला लागली. "आरं बंद कर त्ये, टाकं हायती माझं!" कारभारीण ओरडली. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

सातारा, कोरेगाव, पुसेगाव झालं आणि आमचा फाटा आला. फाट्यापासून गाव आठ किलोमीटर. पुतण्यानं वेग बैलगाडीइतका कमी केला, तरी प्रत्येक खड्डा थेट तिच्या पाठीत. दुसऱ्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. तिसऱ्याला ती म्हणाली, "आवं, मला हितंच उतरवा. मी चालत येती." बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथंच वस्तीवर तात्यांची जुनी अँबेसिडर उभी असते. तात्यांनी मागच्या सीटवर गोधडी घातली आणि त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं तिला घरी पोचवली. वाटेत ती एकदाही कण्हली नाही.

पुतण्याचं म्हणणं, दोष रस्त्याचा. रस्ता वाईट आहेच, त्यावर मी वेगळा लिहीन. पण गाडी याच देशात विकता ना? जर्मनीत काही रस्त्यांना वेगाची मर्यादाच नाही, तिथं दोनशेच्या वेगाला गाडी हलू नये म्हणून ती कडक करतात. ते तिथं शहाणपणाचं असेल. आमच्या फाट्यावर ताशी दहाच्या वेगाला त्या कडकपणाचं काय करू?

दुसऱ्या दिवशी मी त्या गाडीचा टायर वाकून वाचला. 245/40 आर 18. पंक्चरवाल्याला विचारलं तर त्यानं फोड करून सांगितली. रुंदी 245 मिलिमीटर, टायरची भिंत तिच्या शेकडा 40, म्हणजे 98 मिलिमीटर. आणि मारुती आठशेचा टायर 145/70. भिंत साडेएकशे एक! पाऊण कोटीच्या गाडीला गरिबाच्या गाडीपेक्षा कमी रबर. चाक मोठं, टायर बारीक, कारण दिसायला रुबाबदार. दणका बसला की तो झेलायला मधे काही उरतच नाही.

हे शेतकऱ्याला शिकवायला नको. ट्रॅक्टरला मागं पाटे नसतात, मागचा सगळा भार टायरातल्या वाऱ्यावर. मी लहान असताना आमची लाकडी चाकाची गाडी होती, लोखंडी धाव बसवलेली. साट्यात कडबा, वर पोतं, वर घोंगडं घालून बसलं तरी दगडावरनं चाक गेलं की दात वाजायचे. मग वडिलांनी टायरची गाडी केली. पहिल्या दिवशी आजीला यात्रेला नेलं तर ती म्हणाली, "गाडी चालली का उभीच हाय?" बैल तेच, रस्ता तोच. फरक फक्त वाऱ्याचा. तो टायर 1888 साली डनलॉप नावाच्या माणसानं पोराच्या तीनचाकी सायकलसाठी काढला, आणि तो होता जनावरांचा डॉक्टर. त्याला कळलं ते आता रुबाबापायी विसरलेत. वारं काढून चामडं घातलं, आणि त्याला आराम म्हणायचं!

सर्वांत भारी गाड्यांना हवेच्या स्प्रिंगा असतात आणि त्या खरंच मऊ चालतात, असं पुतण्या सांगतो. असतील. म्हणजे पाऊण कोटी मोजूनही जे मिळालं नाही, त्यासाठी आणखी मोजायचे. अँबेसिडर तर 2014 पासून कारखान्यातून निघायचीच बंद झाली. त्या गाडीत खोडी पुष्कळ होत्या. घाटात तापायची, डिझेलवाली तर कानठळ्या बसवायची. पण म्हाताऱ्या माणसाला ती वाकवत नव्हती.

महिन्यानं तपासणीची तारीख आली. पुतण्याचा फोन, "नाना, गाडी पाठवतो, काकीला विचारा." मी विचारलं. ती चुलीपुढं उभी होती, पाठ धरून.

"तात्यांची गाडी मोकळी हाय का बघा," ती म्हणाली.