पांढुरका चट्टा आणि प्रथिनांची साक्ष

अंगावर पांढुरका चट्टा उमटला कीं आमच्या नगर जिल्ह्यांतील (हल्लीं ज्यास अहिल्यानगर म्हणावयाचें) घरांत दोनच नांवें कुजबुजलीं जातात: कोड आणि महारोग. मुलगी उपवर असेल तर मग विचारावयासच नको. चट्टा पदराखालीं झांकला जातो आणि वर्ष-दोन वर्षें ओळखीच्या कोणा तरी माणसानें सांगितलेल्या मलमावर निघून जातात. या दोहोंखेरीज तिसरेंही एक कारण असूं शकतें. तें क्वचित् आढळणारें असलें तरी सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक असावें, म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

त्या विकाराचें नांव मायकोसिस फंगॉइडिस. फ्रान्समधील अलिबेर या वैद्यानें १८०६ सालीं त्याचा रोगी प्रथम पाहिला. गांठी अळंब्यांसारख्या दिसल्या म्हणून त्यानें पुढें हें नांव दिलें. वस्तुतः बुरशीचा येथें कांहींएक संबंध नाहीं. रक्तांतील श्वेतपेशींपैकीं 'टी' नांवाच्या पेशींचा एक वंश बिघडतो आणि त्वचेंत ठाण मांडून वाढूं लागतो. हा कर्करोगाचाच एक प्रकार, परंतु तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. सांवळ्या वर्णाच्या माणसांत, विशेषतः तरुणांत व मुलांत, तो पुष्कळदां पांढुरक्या चट्ट्यांच्या रूपानें दिसतो. घोटाळा होतो तो यामुळेंच. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, येथें स्पर्श सहसा शाबूत राहतो. मात्र एवढ्यावरून घरीं बसून निर्णय करूं नये. त्वचेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून निदान होत नाहीं, आणि कित्येक वेळां एका तुकड्यानें भागतही नाहीं.

निदान झालें कीं घरच्यांचा प्रश्न ठरलेला: पुढें काय होणार? चरकसंहितेंत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद केले आहेत. औषधोपचार चालू आहे तोंवर दबून राहतो तो याप्य. या विकाराचे बहुतेक रोगी याच सदरांत पडतात. चट्टे शरीराच्या एकदशांशाहून कमी भागावर असतील तर आयुर्मान इतरांइतकेंच असतें. (रोग्याचा बोटांसह तळहात म्हणजे सुमारें शंभरावा भाग, असे दहा मोजावेत.) थोड्या रोग्यांत मात्र विकार गांठी धरतो, रक्तांत उतरतो. हे थोडे कोणते, हें आधीं कळावें म्हणून प्रथिनांची साक्ष काढतात.

प्रत्येक पेशीच्या अंगावर व पोटांत ठराविक प्रथिनें असतात. तिचें गोत्र-प्रवरच म्हणा ना. १९७५ सालीं कोलर व मिलस्टाईन यांनीं एकाच प्रथिनास चिकटणारीं प्रतिद्रव्यें हवीं तितकीं तयार करण्याची युक्ति काढली, तेव्हांपासून हें गोत्र विचारणें सोपें झालें. मेणांत बसविलेल्या तुकड्याच्या पातळ कापावर असें प्रतिद्रव्य सोडतात. प्रथिन असेल तेथें बहुधा तपकिरी रंग चढतो. पांढुरक्या चट्ट्यांच्या प्रकारांत अनेकदां सी.डी. ८ हें प्रथिन धारण करणाऱ्या पेशी आढळतात, आणि तो प्रकार सहसा मंदगतीचा असतो. केआय ६७ हें प्रथिन विभाजन पावणाऱ्या पेशींत दिसतें. रंगलेल्या पेशी जितक्या अधिक, तितकी वाढ जलद.

सी.डी. ३० ची गोष्ट निराळी आहे. आमचा एक जुना विद्यार्थी मुलीच्या अहवालांतील याच ओळीवर बोट ठेवून घाबऱ्या स्वरानें विचारूं लागला, कीं हें आढळलें म्हणजे आतां सारें संपलें काय? आपोआप येऊन आपोआप बऱ्या होणाऱ्या पुटकुळ्यांचा एक सौम्य विकार आहे, त्यांत हें प्रथिन भरपूर असूनही जिवास सहसा धोका नसतो. उलट मायकोसिसमध्यें पेशी थोराड होऊन तें दिसूं लागलें तर डॉक्टर सावध होतात. जेवतांना 'सैंधव आण' म्हटलें तर मीठ, प्रवासास निघतांना म्हटलें तर घोडा, तसेंच हें. शिवाय याच प्रथिनावर नेम धरणारें ब्रेंटुक्सिमॅब हें औषध २०१७ सालीं अमेरिकेंत या विकारासाठीं मंजूर झालें. म्हणजे जी खूण भयाची वाटली तीच औषधाची वाटही दाखविते.

२०१५ सालीं विकार पुढच्या पायरीस गेलेल्या १२७५ रोग्यांचा निरनिराळ्या देशांतून मिळून अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत चार गोष्टी अनिष्टसूचक ठरल्या: साठीपुढचें वय, रोगाची चौथी पायरी, पेशींचें थोराड रूप आणि रक्तांत वाढलेलें लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. यांत प्रथिन एकच, आणि तेंही साध्या रक्ततपासणींत कळणारें! यास्तव एखाद्या प्रथिनाच्या आंकड्यास जन्मपत्रिका समजणें आम्हांस गैर वाटतें. डॉक्टर आधीं चट्टे मोजतात, गांठी चांचपतात, मग अहवाल वाचतात; तोच क्रम योग्य.

जिल्ह्यांत लोणीस १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईस परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. तेथील प्रयोगशाळेचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोग व महारोग या दोहोंचाही अभ्यास केला. धोतराच्या घट्ट गांठीमुळें कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णनही १९४५ सालच्या त्यांच्या लेखांत आहे. दुसरें मत घ्यावयाचें असल्यास मेणाचा ठोकळा व कांचपट्ट्या पहिल्या रुग्णालयाकडून मागून घ्याव्या, म्हणजे नव्यानें त्वचा कापण्याची वेळ पुष्कळदां येत नाहीं. लावलेल्या मलमांच्या नळ्याही बरोबर न्याव्या. स्टेरॉइडच्या मलमानें तुकड्यांतील खुणा पुसट होतात, तेव्हां कोणतें मलम किती दिवस चोपडलें, हें डॉक्टरांस तुकडा काढण्यापूर्वीं कळलें पाहिजे.