जुन्या मागाचा जुना कागद

भिवंडीत घरे आणि यंत्रमाग एकाच भिंतीला टेकून उभे आहेत. आराखड्यात तो भाग निवासी दाखवला, की आपले कारागीर बंधू घाबरून दलालाकडे धावतात. कशाला? कायदेशीर चालत आलेला वापर बंद करायला लावायचा, तर १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ५६ आहे, त्यात नुकसानभरपाईही आहे. पण वापर कायदेशीर होता हे दाखवणार कोण? आपणच. माझ्या वडिलांच्या गोदामाची घरपट्टीची पावती, गुमास्ता, विजेचे बिल, काहीच सापडेना. उधारीची वही मात्र चाळीस वर्षे जपलेली! आणि वर माळा चढवून माग वाढवले, तर त्याला जुनेपणाचा आधार नाही, परवानगी नवीच लागते. नोटीस आली तर पावत्या घेऊन मुदतीत वकील गाठा.